फीत कापल्यानंतरचा खर्च

नाशिकच्या पांडवलेण्यांतलं दहावं लेणं क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने खोदवून घेतलं. तिथल्या शिलालेखात लेणं दान दिल्याची नोंद आहे आणि तिच्याच पुढे पैशांची सोय. ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ठेव गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे ठेवली. २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज, १,००० वर शेकडा पाऊण. मुद्दलाला हात लावायचा नाही.

हिशेब करून पाहावा. २,००० चं वर्षाचं व्याज २४०. वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२, म्हणजे बरोबर २४०. राहणारे किती, त्यांना लागणार काय, हे आधी धरलं असावं आणि ठेवीचा आकडा त्यावरून काढला असावा. व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवला, हेही लेखातच आहे.

खोट एकच दिसते. एकविसावा भिक्षू आला, तर त्याच्या चिवराला पैसे नाहीत.

*

आज वारसास्थळांना अनुदान देणाऱ्याला मात्र दिसणारं काम आवडतं: छप्पर, चुन्याचा गिलावा, प्रकाशयोजना, कोनशिला. रखवालदाराच्या पगाराचा फोटो निघत नाही.

शिवाय जीर्णोद्धाराने खर्च वाढतो. पडक्या वाड्याला वीजबिल येत नाही. तोच दुरुस्त केला की लिफ्ट, सीसीटीव्ही, आगीचा अलार्म येतात आणि प्रत्येकाचा वार्षिक देखभाल करार (एएमसी) येतो. अनुदान ज्या कामासाठी मिळालं त्यावरच खर्चायचं असतं, त्यामुळे ही बिलं त्यातून भागत नाहीत.

*

ब्रिटनमध्ये १९९४ पासून राष्ट्रीय लॉटरीचा पैसा वारसास्थळांना मिळतो. मोठी रक्कम हवी, तर काम संपल्यावर वास्तू कशी चालवणार याचा आराखडा द्यावा लागतो.

अशा आराखड्यातले आकडे फुगले तर काय होतं, याचा धडा शेफिल्डमध्ये आहे. वास्तू वारशातली नव्हे, नवीच. पण पैसा लॉटरीचाच. लोकप्रिय संगीताचं हे राष्ट्रीय केंद्र मार्च १९९९ मध्ये उघडलं. खर्च सुमारे दीड कोटी पौंड, त्यातले १.१ कोटी लॉटरीचे. वर्षाला चार लाख लोक येतील असं धरलं होतं. पहिल्या सात महिन्यांत आले जेमतेम एक लाखाच्या वर. जून २००० मध्ये केंद्र बंद. आज तिथे विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेचं बस्तान आहे.

इमारत उभी राहिली, अंदाज कोसळला.

*

उलट उदाहरण वॉरिकशायरमधल्या ॲस्टली कॅसलचं. १९७८ च्या आगीत हा गढीवजा वाडा जळला. लँडमार्क ट्रस्टने तो पूर्वीसारखा उभारण्याचा हट्ट धरला नाही. पडक्या भिंतींच्या आत नवं घर बांधलं आणि ते सुट्टीसाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली. आठ जणांची सोय. लॉटरीचा पैसा होताच, पण पुढचं उत्पन्न कुठून येणार हे ठरवूनच आराखडा काढला होता. २०१३ चं स्टर्लिंग पारितोषिक याच कामाला मिळालं. जमाखर्चाने वास्तुरचनेचं काही बिघडलं नाही.

*

आपल्याकडची अडचण वेगळी. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांवर जमणारे तिकिटाचे पैसे भारताच्या एकत्रित निधीत जातात. गर्दी वाढली की पायऱ्या त्या स्थळाच्या झिजतात, गल्ला दिल्लीत जमतो. देखभालीचा पैसा पुन्हा अंदाजपत्रकातून यायचा. अशा ठिकाणी जास्त लोक आणण्याची योजना केली, तर तिथल्या कारभाऱ्याच्या हाती उरतो तो कचरा.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने निराळी मांडणी केली. २००३ मध्ये महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांचा त्रिपक्षीय करार झाला. जागा आणि संग्रह पालिकेचा, जीर्णोद्धारातलं तज्ज्ञपण इंटॅकचं, देणगी फाउंडेशनची. २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. कोणी काय द्यायचं हे कागदावर असलं, की पुढच्या भांडणांना निदान पुरावा तरी असतो.

*

अनुदान मागणाऱ्याचा आराखडा हाती आला की आधी कॅफेचं पान उघडावं. तिथे विक्रीचा आकडा नफा म्हणून मांडलेला असतो. दूध, गॅस, आचाऱ्याचा पगार, नासाडी वजा केली की खरी शिल्लक कळते. मग पावसाळ्याचे चार महिने पाहावेत. शाळांच्या सहली नाहीत, लग्नाच्या तारखा थोड्या, छपराची गळती मात्र याच दिवसांत. शेवटी पाहुणे एक तृतीयांशाने कमी धरून सगळी बेरीज पुन्हा मांडावी.

*

‘तीन वर्षांत स्वयंपूर्ण’ हे वाक्य बहुतेक अर्जांत असतं. फार थोडी वारसास्थळं नुसत्या तिकिटावर जगतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शाळा, वाचनालयंही तोट्यातच चालतात. तो तोटा समाजाने मान्य केलेला असतो. म्हणून नफ्याचं स्वप्न दाखवणाऱ्यापेक्षा तूट सांगणारा अर्जदार बरा. दरवर्षी तूट किती आणि ती कोण भरणार, हे ज्या आराखड्यात नावानिशी लिहिलेलं नाही, त्याला पहिला हप्ताही देऊ नये.