माणच्या गच्चीवरील शरद

पाश्चात्त्य पुस्तकांतला उन्हाळा संपतो तो थेट पानगळीत. मुळशी तालुक्यातील माण गावी मात्र ग्रीष्म आणि शरद यांच्यामध्ये चार महिन्यांचा पाऊस उभा असतो, आणि तोच जैन घरांतील चातुर्मासाचा काळ. येथील घरबाग कूस बदलते ती भाद्रपद सरताना. पर्युषण व दशलक्षण पर्व आटोपलेले असते आणि सह्याद्रीकडून येणारे ढग विरळ होऊ लागतात.

माण हे मूळचे शेतीचे गाव. हिंजवडीला लागून असलेल्या त्याच्या शिवारात राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान विस्तारले. शिवाजीनगरपर्यंतची सुमारे २३ किलोमीटर लांबीची मेट्रो मार्गिकाही येथूनच निघते. माती आता बहुधा गच्चीवरील कुंड्यांतच हाताशी येते.

पर्वकाळात हिरव्या भाजीचा त्याग असल्याने वेलीवरची घोसाळी जून होतात. वाळली की आत जाळी उरते आणि पुढील वर्षाचे बी आयतेच मिळते. व्यापारी घराला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. कांदा, बटाटा, गाजर, मुळा या कुंड्यांत नसतातच. अनंतकाय म्हणून ते वर्ज्य.

खरा पेच येतो तो किडीचा. पावसाळी दमटपणानंतर कोवळ्या शेंड्यांवर मावा आणि जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसू लागतो. बाजारातील औषधाऐवजी निंबोळी तेल फवारले की अहिंसा पाळली गेली, असा समज पुष्कळ घरांत आहे. तो बरोबर नाही. निंबोळीतील अझाडिरेक्टिन किडीची भूक मारते, तिची वाढ व कात टाकणे रोखते. अळी पुढे मरतेच. ‘सेंद्रिय’ आणि ‘निर्जंतुक हिंसेविना’ हे दोन वेगळे शब्द आहेत. श्रावकाने वाव शोधायचा तो किडीच्या आगमनापूर्वी. नत्रयुक्त खत जास्त झाले की पाने लुसलुशीत होतात आणि मावा तेथेच जमतो. म्हणून खताचा हात आखडता हवा. कुंड्या विटांवर ठेवाव्यात, दाटी मोडावी, वारा खेळू द्यावा. एवढे करूनही कीड येतेच. तेव्हा एखादे रोप गमवायचे की फवारायचे, हा निर्णय घरातील ज्येष्ठांनी आपल्या व्रतानुसार घ्यावा. पण औषधाच्या बाटलीवरील हिरव्या पानाच्या चित्राकडे पाहून घेऊ नये.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी पाऊस बहुधा परततो आणि ऊन अचानक बोचू लागते. गच्चीवरची कुंडी आता दोन दिवसांत कोरडी पडते. पाणी सकाळीच घालावे. रात्रभर ओली राहिलेली पाने बुरशीला आमंत्रण देतात.

पारिजातक याच दिवसांत बहरतो. त्याखाली स्वच्छ वस्त्र अंथरले की पहाटे फुले आपोआप त्यावर उतरतात, खुडावी लागत नाहीत. शेवंतीचे मात्र माणमध्ये निराळेच दुखणे आहे. रात्र लांबली की तिला कळ्या धरतात. पण समोरच्या इमारतींचे दिवे रात्रभर जळत असतील तर तिच्या लेखी रात्र होतच नाही. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवावी, किंवा संध्याकाळपासून सकाळपर्यंत तिच्यावर काळे कापड टाकावे. काही आठवड्यांत कळ्या दिसू लागतात.