कालव्याखालचे रान

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागले, की काटेवाडी मागे पडते आणि गळिताचे दिवस असले तर वाऱ्यावर मळीचा वास येऊ लागतो. भवानीनगर जवळ आल्याची ती खूण. श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याची चिमणी नंतर दिसते, वास आधी भेटतो. परवा जानेवारीत त्या वासासरशी गाडीतले आम्ही तिघेही एकदम गप्प झालो.

आम्ही चौघे इथल्या शाळेत एका बाकावरचे. एक पुण्याला नोकरी करून तिथेच स्थायिक झाला. दुसरा बीड जिल्ह्यात गुरुजी आहे. त्याचे आईवडील ऊसतोडीला यायचे, त्यामुळे हा दिवाळीनंतर वर्गात दिसायचा आणि कारखान्याचा पट्टा पडला की बैलगाडीत बसून निघून जायचा. तिसरा मी, कृषी खात्यात. बत्तीस वर्षे गावोगावच्या शेतकऱ्यांना सल्ले देत फिरलो. चौथा आबा. तो कुठेच गेला नाही. वडिलांची सव्वादोन एकर जमीन कसत इथेच राहिला. चौघे एकत्र येण्याचा योग अकरा वर्षांनी येत होता.

आबाकडे थेट न जाता आधी गाव फिरलो. कारखान्याच्या अड्ड्यावर गाड्यांची रांग होती. पूर्वी बैलगाड्याच बैलगाड्या असायच्या, आता ट्रॅक्टर जास्त. पलीकडे कोप्या होत्या. एका कोपीपुढे सहा-सात वर्षांची पोर धाकट्या भावाला घेऊन बसली होती. गुरुजी थांबले. “शाळेत जातेस का गं?” पोरीने मान हलवली, ती हो की नाही ते कळले नाही. गुरुजी पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग सणसर. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघाली, की काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, सणसरला मुक्काम पडतो आणि पुढे बेलवाडीला घोड्याचे गोल रिंगण. लहानपणी आम्ही बेलवाडीपर्यंत दिंडीबरोबर चालत जायचो आणि घरी आल्यावर मार खायचो. त्या वाटेचा आता पालखी महामार्ग होत आहे. २०२१ साली त्याची पायाभरणी झाली. रुंद रस्ता आला तशा रस्त्याकडेच्या जमिनीही रुपयांत मोजल्या जाऊ लागल्या. पुणेकर खिडकीतून तेच मोजत होता, हे मला दिसत होते.

या भागाचे सारे वैभव नीरा डाव्या कालव्याचे. १८७६-७७ च्या दुष्काळात त्याच्या कामाला हात लागला आणि १८८५ च्या सुमारास पाणी खेळू लागले. भोरकडे भाटघरला साठवायचे आणि वीरजवळून कालव्यात सोडायचे, अशी योजना. जिथे ज्वारीसुद्धा भरवशाची नव्हती, तिथे ऊस उभा राहिला. १९३० च्या दशकात वालचंदनगर वसले, पुढे सहकारी कारखाने आले. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून प्रसारित झालेल्या को ८६०३२ या वाणाला ‘नीरा’ हे नाव मिळाले, ते या नदीचेच.

पण पाणी नुसते देत नाही, घेतेही. काळ्या, खोल, चिकण जमिनीला पाण्यामागून पाणी दिले आणि त्याला बाहेर पडायला वाट ठेवली नाही, तर जमिनीखालची पातळी वर येते. ते पाणी केशाकर्षणाने वर चढते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे राहतात. कालव्याखालच्या सखल रानांत हे दुखणे आजचे नाही, पिढ्यांचे आहे.

आबाच्या घरी भाकरी, पिठले, ठेचा झाला. पोटभर हसलो. मग आबा म्हणाला, “चला, रान बघू.” तो पुढे आणि आम्ही मागे. वरचा एक एकर ऊस बरा होता. खालच्या सव्वा एकरात मात्र ऊस गुडघ्याएवढा, पिवळा, मधे मधे उघडी ठिगळे. कुठे पांढरी बुरशी आल्यासारखा क्षार फुललेला. माझ्या वर्गमित्राचे रान, आणि मी ते पहिल्यांदा पाहत होतो.

आबाने पाच वर्षांपूर्वी मला फोन केला होता. मी तिकडून सांगितले होते, “मातीचा नमुना तपास आणि जिप्सम टाक.” त्याने टाकले. पैसे गेले, गुण आला नाही. त्याने मला पुन्हा विचारले नाही.

मी पहार मागितली. तिघांनी मिळून खड्डा घेतला. अडीच फुटांवर पाणी लागले. कुणी काही बोलले नाही. मी म्हणालो, “आबा, चूक माझी. रान न बघता औषध सांगितले. जिप्सम क्षाराला मोकळे करते, पण धुऊन न्यायला निचरा हवा. इथे धुतलेले जाणार कुठे?”

“चर मारायचा ठरवला होता,” आबा म्हणाला. “ओढा दोनशे पावलांवर आहे. पण मधे...” आणि तो थांबला.

मधली जमीन पुणेकराची होती. दोन वर्षांपूर्वी आबाने परवानगी मागितली, तेव्हा हा म्हणाला होता, “प्लॉट पाडायचेत, चर नको.” आम्हा दोघांना यातले काही ठाऊक नव्हते. दोन वर्षे दोघांचे बोलणे बंद होते, हेही तिथे बांधावरच कळले. पुणेकर जमिनीकडे बघत उभा राहिला. “रस्ता झाला की दर येईल, एवढेच डोक्यात होते,” तो म्हणाला.

तेव्हा गुरुजी बोलले. “मी दर उन्हाळ्यात इथून जायचो, तेव्हा तुमच्या तिघांचा हेवा वाटायचा. तुमची इथे माती होती, माझी नुसती कोपी. आणि तुम्ही मातीवरून बोलायचे सोडलेत होय?”

पुणेकराने खड्ड्यातला चिखल हातात घेऊन पाहिला. म्हणाला, “चर उघडा नको, नळी पुरून ने. आणि तोंडी नको, कागद करू. उद्या मी विकली तर घेणाऱ्याने बुजवायला नको.” आबा काही बोलला नाही. त्याने पुणेकराच्या हातातली माती झटकली आणि विहिरीकडे हात धुवायला घेऊन गेला.

वाचकहो, आमच्या चौघांचे मिटले, पण रान अजून सुधारायचे आहे. ऊस गेला की सच्छिद्र नळ्या तीन-चार फूट खोल, भोवती वाळूखडी घालून पुरायच्या आहेत. चांगल्या पाण्याने क्षार धुवायचे, मग माती परीक्षणात चोपण निघाली तरच जिप्सम, आणि धैंचा गाडायचा. वरच्या उसाला ठिबक करायचे, म्हणजे खाली पाझर कमी होईल. दोन-तीन वर्षे लागतील. शेजारच्यांनी साथ दिली तर गुण लवकर येईल, कारण पाणी कुणाचा बांध ओळखत नाही.

ज्यांची राने अशी होत आहेत, त्यांनी आधी खड्डा घेऊन पाण्याची पातळी पाहावी. सामू साडेआठच्या वर गेला आहे का, क्षार किती आहेत, हे तपासून घ्यावे. खारवट आणि चोपण ही दोन वेगळी दुखणी आहेत. आणि सल्ला देणाऱ्याला, तो माझ्यासारखा मित्र असला तरी, आधी बांधावर उभे करावे.

निघताना आबाने गाडीत उसाची मोळी टाकली, वरच्या रानातली. पुणेकर म्हणाला, “पुढच्या वर्षी खालच्या रानातला दे.” आबा म्हणाला, “पुढच्या वर्षी नाही रे. त्याच्या पुढच्या. पण यायचे दर वर्षी.”