अम्मींचं जन्मगाव

मे महिन्यात सगळ्यांनी मिळून तीन देश बघायचे ठरलंय. मुलीला इंटरलाकेनची दोन तळी आणि आल्प्स हवेत, मुलाला फ्रान्समधल्या नीसचा समुद्र. मधे इटलीतलं कोमो सरोवर. शेंगेन व्हिसा एकच, पण अर्ज जिथे जास्त दिवस राहायचं त्या देशाकडे. रात्री मोजल्या: स्वित्झर्लंड ५, इटली ३, फ्रान्स २. हलाल जेवण कुठे मिळेल, त्याची यादी बायकोने केली.

अम्मींच्या अर्जात 'जन्मस्थान' आलं आणि मी थबकलो. पासपोर्टवर औरंगाबाद. शहराच्या नामांतराला केंद्राने २४ फेब्रुवारी २०२३ ला मंजुरी दिली. नव्या आधारवरच्या पत्त्यात छत्रपती संभाजीनगर आहे. एकाच बाईची दोन गावं बघून कुणी प्रश्न विचारला तर?

अम्मी तसबीहचे मणी ओढत म्हणाल्या, "पैदा हुई तब जो नाम था वहीच लिख, बेटा. पता आज का लिख. और एक मुल्क कम कर, घुटने साथ नहीं देते."

जन्मस्थान पासपोर्टप्रमाणे भरलं, पत्ता आधारप्रमाणे. फ्रान्स गळालं, समुद्र जिनोव्हालाही आहे. आता दोन्हीकडे ५-५ रात्री. दिवस सारखे असले तर अर्ज आधी प्रवेश करायच्या देशाकडे, म्हणजे स्वित्झर्लंडकडेच.