मीठ संपत नाही

डहाणू तालुक्यातल्या वाणगावात मिठाचं नाव काढलं की मिरचीवाला सावध होतो, आणि ते बरोबरच आहे. मिरचीला खारं पाणी सोसत नाही. वाडीतल्या बोअरला मचूळ पाणी लागलं की आधी झाड बोलतं. पानांच्या कडा करपतात, फुलं गळतात.

पाणी शुद्ध करणं हा माझा धंदा. वाडीतल्या घरासमोर लोखंडी फ्रेमवर उभा केलेला स्विमिंग पूल आता नवलाईचा राहिलेला नाही, आणि त्यासाठी बोलावणं आलं की मागणी ठरलेली असते : ‘क्लोरीनने मुलांचे डोळे चुरचुरतात, आम्हाला मिठाचा पूल करून द्या.’ माझा पहिला अर्धा तास एकच गैरसमज काढण्यात जातो. मिठाच्या पूलमध्येही क्लोरीन असतोच, फक्त तो डब्यातून न येता जागेवर तयार होतो. आणि डोळे बहुतेक वेळा चुरचुरतात ते घाम-लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनमुळे आणि बिघडलेल्या सामूमुळे. पंप वेळेवर न चालवणाऱ्याचे डोळे मिठाच्या पूलमध्येही चुरचुरतील.

यंत्र छोटं असतं. फिल्टरमधून परतणाऱ्या पाइपात एक सेल बसवायचा. त्यात टायटॅनियमच्या पट्ट्या, त्यांवर रुथेनियम ऑक्साइडचा लेप. वीज सोडली की एका बाजूला मिठातल्या क्लोराइडचा क्लोरीन होतो, दुसऱ्या बाजूला हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. सेल पारदर्शक असेल तर पट्ट्यांमधून दुधासारखी धार उठताना दिसते. मालकाला मी ती मुद्दाम वाकून पाहायला लावतो. हाच क्लोरीन जंतू मारतो आणि काम संपलं की पुन्हा क्लोराइड होतो. म्हणजे मीठ खर्चच होत नाही. उन्हाने पाणी उडालं तरी ते मागे राहतं. पूलमधून मीठ बाहेर पडतं ते फक्त पाण्याबरोबर.

हिशेब सोपा आहे. १५ फूट व्यासाच्या, ४ फूट उंच पूलमध्ये साधारण १७,००० लिटर पाणी मावतं. लिटरला ३ ग्रॅम धरलं तर मीठ लागतं ५० किलो, एक गोण. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम असतं. आपल्या डोळ्यांतल्या आसवांपेक्षाही हे पाणी कमी खारट. मीठ मात्र शुद्ध हवं आणि बिनआयोडीनचं. मिठागरातलं खडे मीठ स्वस्त म्हणून ओतलं, तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा पांढरा थर पट्ट्यांवर चढतो, गीझरच्या कॉइलवर चढतो तसाच. मग सेल सौम्य ॲसिडने धुवावा लागतो. धुताना ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

सेल चालू झाला की सामू हळूहळू वर सरकतो. तो ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायला आठवड्याला तपासणी हवी. आपल्याकडचं ऊन क्लोरीनला फार वेळ टिकू देत नाही, म्हणून सायन्यूरिक ॲसिडचं संरक्षण लागतं, पण बेताचं. वीज गेली की सेल बंद, तेव्हा घरात ब्लीचिंग पावडर असू द्या. फ्रेमच्या सांध्यांशी ओल राहिली तर गंज लवकर धरतो. सांधे गोड्या पाण्याने धुऊन कोरडे ठेवा, आणि पंपाच्या लाइनला अर्थिंग व ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय काम सुरूच करू नका.

हे सगळं मला येत होतं. तरी एका वाडीत चुकलो. पूल उत्तम झाला, पाणी काचेसारखं. वाळूच्या फिल्टरच्या बॅकवॉशचा, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुताना निघणाऱ्या पाण्याचा, पाइप मात्र मी सोयीचा म्हणून कुंपणाकडे सोडला. एका बॅकवॉशला तीनेकशे लिटर पाणी, म्हणजे जवळजवळ एक किलो मीठ. कुंपणाला लागून मिरचीचे वाफे होते. महिन्याभराने तिथे काम करणाऱ्या मावशींनी मला एका ओळीपाशी नेलं. त्यांनी एक पान उलटं करून माझ्या तळहातावर ठेवलं. कडा तपकिरी, कुरकुरीत, मधली शीर तेवढी हिरवी. ‘भाऊ, हीच ओळ का करपली?’ त्यांनी विचारलं. पाइपचं तोंड दोन हातांवर होतं. ती ओळ उपटावी लागली.

तेव्हापासून पाणी कुठे सोडणार ते मी आधी विचारतो, पूल केवढा ते नंतर. वाळूच्या फिल्टरऐवजी कार्ट्रिज लावला तर बॅकवॉश टळतो. राहतो पावसाळा. डहाणू तालुक्यात वर्षाला दीड मीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि पूलची उंची सव्वा मीटरसुद्धा नाही. उघडा ठेवलेला पूल चार महिन्यांत आपलं बहुतेक मीठ आजूबाजूला सांडतो. म्हणून जूनआधी झाकण हवंच. रिकामा करायचाच असेल तर मिरची निघून गेल्यावर, भर पावसात, विहीर आणि भातखाचरापासून दूर, वाहत्या ओढ्याच्या बाजूने करा. तेव्हा मीठ विरून जातं. फेब्रुवारीत केलेली तीच गोष्ट वाफा मारते.

ज्यांच्या पाण्याला मिरचीच्या वाडीखेरीज वाट नाही, त्यांना मी नकार देतो. त्यांनी साधा द्रव क्लोरीन वापरावा. त्यानेही मीठ साठतं, पण हळूहळू. तुम्ही या दिवाळीत पूल मिठाचा करायच्या विचारात असाल, तर गोण फोडण्याआधी एकदा पाइपच्या तोंडाशी जाऊन उभे राहा आणि पाणी कुणाच्या वाफ्यात जातं ते पाहा. वाफा शेजाऱ्याचा असेल, तर आधी त्याला विचारा.