दिवाणखान्यातला अरबी समुद्र

पुण्यात समुद्र नाही, ही उणीव आहे असं कोणताही पुणेकर मान्य करत नाही. समुद्राचीच काहीतरी अडचण झाली असावी, म्हणून तो इथवर पोचू शकला नाही, असं आमचं सर्वसाधारण मत आहे. आमची सौ. मात्र मालवणकडची. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तरी खडकवासल्याच्या पाण्यासमोर उभं राहून "हे काय, लाटाच नाहीत!" असं म्हणायचं तिने सोडलेलं नाही. जणू धरण बांधताना लाटांचं टेंडर काढायला मीच विसरलो होतो.

गेल्या वर्षी मी बँकेतून निवृत्त झालो. त्या संध्याकाळी शाल आणि नारळ टेबलावर ठेवून मी उदार अंतःकरणाने विचारलं, "बोल, तुला काय हवं?" ती म्हणाली, "आठ दिवस मालवणला जाऊ या. दोघंच." मागणी रास्त होती. पण बायकोने मागितलेली गोष्ट सोडून तिच्याहून महाग गोष्ट आणून देणं, याला आमच्या पिढीत प्रेम म्हणतात. मी ठरवलं, हिच्यासाठी समुद्रच घरी आणायचा.

शिवाय घरात माझं फारसं बरं चाललेलं नव्हतं. निवृत्तीच्या पहिल्याच महिन्यात मी मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या बाराखडीप्रमाणे लावल्या. त्यामुळे हळद आणि हिंग शेजारी आले खरे, पण मोहरी-जिऱ्याचा इतक्या वर्षांचा संसार मोडला. कामाच्या बाईंसाठी हजेरीपट केला, तर त्या पुढचे दोन दिवस आल्याच नाहीत. तेव्हा मी खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीचं नाव काढताच सौ. म्हणाली, "आणा. काहीतरी आणाच." त्यातलं 'काहीतरी' मला तेव्हा ऐकू आलं नाही.

टाकी आली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी सुमारे १९० लिटर. दुकानदार पंचविशीतला पोरगा, पण बोलणं थेट विभागीय व्यवस्थापकाचं. "काका, नळाचं पाणी घालू नका. आर.ओ.चं घाला." पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला नळाच्या पाण्याबद्दल असं सांगणं म्हणजे त्याच्या कुलदैवतावर संशय घेण्यासारखं आहे. मी म्हटलं, "आमच्या चार पिढ्या या पाण्यावर वाढल्या."

"माश्यांच्या नाही ना वाढल्या," तो म्हणाला.

अपमान गिळून मी घरी आलो, क्लोरीन घालवणारं औषध तेवढं टाकलं आणि नळाचंच पाणी भरलं. मीठ मात्र त्याने दिलेलं. आपलं खाण्याचं मीठ चालत नाही, कारण समुद्रात मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि आणखी बरंच काही असतं. लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून साडेसहा किलोच्या वर! "एवढ्या मिठात अख्ख्या आळीचं लोणचं होईल," असं म्हणत सौ.ने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि निकाल दिला, "कमी आहे." मी हसलो आणि हायड्रोमीटर बुडवला. हा दुधवाल्याची झोप उडवणाऱ्या लॅक्टोमीटरचा सख्खा भाऊ. काटा हवा होता १.०२५ वर, होता १.०२२ वर. मी निमूटपणे आणखी मीठ घातलं.

खरे प्रवाळ घरात ठेवायचे नव्हते. त्यांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. म्हणून भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडक रचले, वाळू पसरली, दिवा लावला आणि मासे आणायला गेलो. पोरगा म्हणाला, "काका, सायकल झाली का?"

मी म्हटलं, "मी स्कूटरवर आलोय."

मग त्याने समजावलं. नव्या टाकीत जंतूंची वस्ती नसते. घाणीतून अमोनिया होतो, तो माश्यांना विष. एका प्रकारचे जंतू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. ही सगळी मंडळी कामाला रुजू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. हे मला लगेच पटलं. कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाताना तेहतीस वर्षं पाहिलेच होते की! नायट्रेट ही शेवटच्या टेबलावरची फाईल. तिथून ती कोणी उचलत नाही. आपणच थोडं पाणी बदलून ती बाहेर काढायची. नाही काढली, तर तिच्यावर शेवाळ बसतं.

तिसऱ्याच आठवड्यात ते बसलं. एका सकाळी वाळूवर, खडकांवर, काचेवर तपकिरी भुकटी पसरलेली. कोणीतरी टाकीत फिल्टर कॉफी सांडल्यासारखी. पोरग्याला फोन केला. "डायाटम, काका. काचेच्या जातीचं कवच असतं त्यांना. त्यासाठी लागणारं सिलिकेट नळाच्या पाण्यातून मिळतं. संपलं की जातील आपोआप." आपोआप! बँकेत आपोआप फक्त पंखा बंद पडतो. मी जुना टूथब्रश घेऊन रोज सकाळ-संध्याकाळ घासायला बसलो. दोन-अडीच आठवड्यांनी भुकटी गेली. श्रेय मी घेतलं.

मग मासे आले. दोन क्लाउनफिश, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. हे सगळे जन्मतात नर म्हणून, पुढे जोडीतला दांडगा असेल तो मादी होतो आणि कारभार हातात घेतो. ही माहिती मी घरात सांगितली, तेव्हा सौ.ला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

माश्यांचं मी काही कमी पडू दिलं नाही. सकाळी उठल्याबरोबर दाणे, माझ्या चहाबरोबर दाणे, दुपारी ते माझ्याकडे बघतात म्हणून दाणे. दिवा पहाटे सहा ते रात्री अकरा. शिवाय कोवळं ऊन मिळावं म्हणून टाकी पूर्वेच्या खिडकीशी. अशा लाडावर मासे किती वाढले ठाऊक नाही. हिरवं शेवाळ मात्र असं वाढलं, की खडकांना विग घातल्यासारखं दिसू लागलं. शेजारचे नाना म्हणाले, "तुरटी फिरवा." वरच्या काकू म्हणाल्या, "चिंच लावून घासा, तांब्यासारखं लखलखेल." मी पाच टर्बो गोगलगायी आणल्या. शेवाळ खाण्यात त्या पटाईत. पण वाळूवर उताण्या पडल्या की काही केल्या त्यांना सरळ होता येईना. रोज सकाळी बाही वर करून गोगलगायी सुलट्या करणं, हे पेन्शनरच्या दिनक्रमात बसेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

नवव्या आठवड्यात वाळूवर लालसर-जांभळी, बुळबुळीत साय आली. उपसली, दुसऱ्या दिवशी परत हजर. हे शेवाळ नव्हेच, हे सायनोबॅक्टेरिया. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू पहिल्यांदा यांच्याच पूर्वजांनी भरला, दोनशे कोटींहून जास्त वर्षांपूर्वी. एवढ्या ज्येष्ठ मंडळींपुढे माझा टूथब्रश काय करणार?

त्यातच गोगलगायी शंखात शिरून बसल्या. मोजलं, तर काटा १.०३० वर! टाकीतलं पाणी उडून जाई तेवढं मी खारं पाणी घालून भरत होतो. पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, वाफ पाण्याची होते. मीठ कुठे जातं?" कोकणातल्या मिठागरावरच्या पोरालाही हे कळतं. मी बी.कॉम. होतो.

"आता असं करा," तो म्हणाला. "खारटपणा दोन-तीन दिवसांत हळूहळू खाली आणा. टाकी खिडकीपासून हलवा. दिवा सात तास. दाणे एकदाच, दोन मिनिटांत संपतील एवढे. आठवड्याला पंधरा टक्के पाणी बदला, आर.ओ.चं. उडालेल्या पाण्यासाठी साधं आर.ओ. आणि बाकी काही करू नका."

"म्हणजे दिवसभर?"

"हो. काही करू नका."

मी फोन ठेवला आणि टाकीसमोर बसून राहिलो. तेहतीस वर्षं काहीतरी करण्याचा पगार घेतलेल्या माणसाला हे कुठून जमावं? रात्री सौ.ला म्हटलं, "ही टाकी मी विकून टाकतो. मला नाही जमत."

ती पालक निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "टाकी नवी आहे. तिला बसायला वेळ लागेल. आणि तुम्ही तरी कुठे जुने आहात?"

"म्हणजे?"

"तेहतीस वर्षं सकाळी नऊला गेलात, रात्री आठला आलात. दिवसाच्या घरात तुम्ही सहा महिन्यांचेच. माझे डबे हलवलेत, बाईंना पळवलंत. मी आले का टूथब्रश घेऊन तुमच्या मागे? म्हटलं, बसेल हळूहळू."

मी मुकाट्याने पालकाची एक जुडी ओढली. तिने ती परत घेतली नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही मालवणला गेलो. दिव्याला टायमर लावला. शेजारच्या सातवीतल्या मुलीला दाण्यांच्या चारच पुड्या दिल्या, एक दिवसाआड एक, आणि आर.ओ.चं पाणी कुठल्या रेघेपर्यंत भरायचं ते दाखवलं. मालवणला ओहोटीच्या वेळी सौ. मला खडकांवर घेऊन गेली. सगळे खडक हिरवेगार, निसरडे. ती अंगणात चालावं तशी पुढे गेली. मी दोनदा बसलो. बसल्या जागेवरून पाहिलं, बारीक बारीक शंख ते शेवाळ खात निवांत चालले होते. मी विचारलं, "इथलं कोण साफ करतं?"

"गप रवा," ती म्हणाली आणि मला हात दिला.

आठ दिवसांनी घरी आलो. लाल साय जवळजवळ नाहीशी झाली होती. खडकांवर थोडी हिरवी लव होती, गोगलगायी तिच्यावर चरत होत्या आणि एकही उताणी नव्हती. मुलगी घाबरत म्हणाली, "आजोबा, मी काहीच केलं नाही हं." मी तिला मालवणच्या खाजाचा मोठा पुडा दिला. इतकं अवघड काम आमच्या घरात अजून कोणी केलेलं नव्हतं.

आता मी आठवड्यातून एकदा पाणी बदलतो, समोरची काच पुसतो आणि उरलेला वेळ पालेभाजी निवडतो. मिसळणाच्या डब्यात मोहरी आणि जिरे पुन्हा शेजारी आले आहेत. कधी आले, ते मी विचारलेलं नाही.