गळके आतडे

पोटाचे दुखणे मोठे लाजरे. चारचौघांत सांगवत नाही. स्टाफरूममध्ये कुणी म्हणाले, ‘सर, तुमचे आतडे गळते आहे!’ घाबरून मी महागड्या पुडीचा डबा आणला.

यवतमाळचे आमचे डॉक्टर हसले. आतड्याचे अस्तर एका पेशीच्या जाडीचे. ते ३ ते ५ दिवसांत नवे होते. सीलिॲकसारख्या विकारांत पेशींमधले सांधे सैलावतात. पण ‘गळके आतडे’ हा स्वतंत्र रोग म्हणून मान्य नाही. वजन घटले, रक्त पडले, तर तपासणी हवीच. एरवी चोथा खावा. त्यावर जगणारे जंतूच मोठे आतडे पोसतात.

घरी आईने ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी वाढली. हेच ताट मी वर्षभर खेडवळ म्हणून सारले होते. मी मुकाट्याने जेवलो.

‘डबा खाली करून दे रे,’ आई म्हणाली, ‘जवस भरायले होते.’