तेरावा कैदी

काल पहाटे रिलीज संपवून घरी आलो, झोप काही येईना. मग लॅपटॉपवर 'कॅप्टन व्योम' लावलं. आठवतंय का मंडळी? १९९८ सालची, केतन मेहतांची दूरदर्शनवरची मालिका. काळ सन २१२३. गुरूच्या एका चंद्रावरच्या तुरुंगातून १२ खतरनाक कैदी पळतात आणि त्यांना पकडायला निघतो आपला मिलिंद सोमण!

आता बघताना हसूच येतं. अंतराळयानं जुन्या व्हिडिओ गेममधली वाटतात. कथा म्हणजे सरळ फॉर लूप, एक पकडा, पुढचा शोधा. कोड रिव्ह्यूत मीच परत पाठवली असती. तरी तीन एपिसोड सलग पाहिले.

खरं तर मालिका लागायची तेव्हा मी पाळण्यात होतो. मला ती कळली दादाकडून. नेरूळला लोडशेडिंग झालं की अंधारात तो गोष्ट रंगवून सांगायचा. त्याच्या गोष्टीत एक तेरावा कैदी होता, स्टेशनच्या सबवेत लपलेला. कॉलेजात असताना मी नेटवर सगळे एपिसोड धुंडाळले, तो कुठेच नाही! काय राग आला होता तेव्हा...

दादा गेली सहा वर्षं टोरांटोत. आईच्या आजारपणात आला नाही, म्हणून मी बोलणंच टाकलं होतं. सणावाराला मेसेज, बस्स. काल मात्र राहवलं नाही. लिहिलं, "तेरावा सापडला का रे?"

दोन मिनिटांत रिप्लाय. "सबवेतच आहे अजून. लाइट बंद कर, फोन करतो."